चित्रपट-परीक्षणातील तारकांची कुळकथा

वृत्तपत्रातील चित्रपट-परीक्षणाच्या शीर्षकाशेजारी ज्या तारका छापल्या जातात, त्या हॉटेले आणि उपाहारगृहे यांच्या दर्जानिदर्शक तारकांवरून आल्या असा सर्वसाधारण समज आहे, आणि त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा मिशलँ या फ्रेंच टायर-कंपनीची प्रवास-मार्गदर्शिका दाखवली जाते. तारखांचा मेळ घालू लागताच हा समज टिकत नाही. मिशलँने उपाहारगृहांना तारका देण्यास १९२६ मध्ये सुरुवात केली, परंतु एक, दोन, तीन अशी चढती श्रेणी १९३१ मध्ये आणली. याउलट न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’ या दैनिकात आयरीन थायरर यांनी ‘द पोर्ट ऑफ मिसिंग गर्ल्स’ या चित्रपटाला एक तारका दिली ती ३१ जुलै १९२८ रोजी, आणि त्या वेळी एक तारका म्हणजे सामान्य, दोन म्हणजे चांगला, तीन म्हणजे उत्कृष्ट आणि तारकाच नसेल तर अगदी टाकाऊ, अशी पूर्ण श्रेणी त्यांनी योजलेली होती. तेव्हा थायरर यांच्या तीन तारकांचे मूळ मिशलँच्या स्वयंपाकघरात नव्हे, अन्यत्र शोधले पाहिजे.

गुणदर्शक चिन्हांचे घराणे जुने आहे. इसवी सनापूर्वी अलेक्झांड्रियातील संहिता-चिकित्सक होमरच्या संशयास्पद ओळींपुढे आडवी रेघ आणि काही ओळींपुढे तारकाचिन्ह घालीत, पण ती पाठशुद्धीची खूण होती, रसिकाला दिलेली शिफारस नव्हे. (महाराष्ट्र विधिमंडळातील ‘तारांकित प्रश्न’ हाही असाच खुणेचा प्रकार आहे, तेथील तारका प्रश्नाची प्रत सांगत नाही, त्याचे उत्तर सभागृहात तोंडी हवे एवढेच सांगते.) शिफारशीची चिन्हे ठळकपणे दिसतात ती मारियाना स्टार्क या इंग्रज लेखिकेच्या प्रवासग्रंथांत, आणि विशेष असे की या बाई मुळात नाटककार होत्या: ‘द स्वोर्ड ऑफ पीस’ हे १७८८ मध्ये रंगभूमीवर आलेले त्यांचे नाटक हिंदुस्थानात घडते, तर ‘द विडो ऑफ मलबार’ हे दुसरे नाटक सतीच्या प्रथेवर आहे. नेपोलियनची युद्धे संपल्यावर इटलीकडे निघालेला नवा इंग्रज प्रवासी पूर्वीच्या उमरावांसारखा वर्ष-दोन वर्षे रेंगाळणारा नव्हता; त्याच्यापाशी पैसा बेताचा आणि दिवस मोजके होते, म्हणून शेकडो चित्रे आणि मूर्तींपैकी कोणत्या चुकवू नयेत हे त्याला चटकन कळणे आवश्यक होते. जॉन मरे यांच्या प्रकाशनसंस्थेने १८२० मध्ये काढलेल्या ग्रंथात स्टार्क यांनी यासाठी कलाकृतींच्या नावांशी उद्गारचिन्हे जोडली, आणि कलाकृती जितकी मोलाची तितकी ही चिन्हे अधिक ठेवली. हा ग्रंथ इतका रुळला, की फ्रेंच लेखक स्तांदालने १८३९ च्या ‘ला शार्त्रूझ द पार्म’ या कादंबरीत त्यातले दर पाहिल्यावाचून क्षुल्लक वस्तूचेही पैसे न देणारा एक इंग्रज रंगवला.

पुढे मरे यांच्या आणि कोब्लेन्ट्स येथील कार्ल बेडेकर यांच्या मार्गदर्शिकांनी उद्गारचिन्हाच्या जागी तारका आणली. हा बदल केवळ टंकाचा नव्हता, कारण उद्गारचिन्ह पाहणाऱ्याचा हर्ष व्यक्त करते, तर तारका वस्तूचा दर्जा जाहीर करते. एकात बोलणारी व्यक्ती ऐकू येते, दुसऱ्यात ती लोपून निवाडा तेवढा उरतो. परीक्षणातील तारकांना आजही अधिकारवाणीचा जो सूर आहे, तो याच पालटात आला.

तथापि बेडेकरच्या तारका एक किंवा दोन होत्या, थायरर यांच्या तीन. ही फट भरून काढणारा दुवा साहित्यसमीक्षेत सापडतो, आणि प्रस्तुत कुळकथेतील सर्वांत दुर्लक्षित दुवाही तोच आहे. बोस्टनचे एडवर्ड ओब्रायन यांनी नियतकालिकांतील अमेरिकन कथा वाचून निवडक कथांचा जो वार्षिक संग्रह १९१५ या वर्षापासून संपादित केला, त्यात त्यांनी कथांचे चार गट पाडले. कथेला त्यांनी दोन कसोट्या लावल्या: एक आशयाची आणि दुसरी घाटाची, म्हणजे रचनेची. दोन्हींत न उतरलेली कथा तारकेविना नोंदवली जाई. दोहोंपैकी एकीत उतरलेलीस एक तारका, दोन्हींत उतरलेलीस दोन, आणि आशय व घाट एकजीव होऊन टिकाऊ ठरेल असे वाटणाऱ्या कथेस तीन. थायरर यांच्या श्रेणीतही नेमक्या चारच पायऱ्या आहेत, आणि सर्वांत खालची पायरी तारकेच्या अभावानेच दाखवलेली आहे. मार्गदर्शिकेत तारकाहीन स्थळ वाईट ठरत नाही, ते केवळ साधे असते. अभावालाही निकालाचा अर्थ देणे ही ओब्रायन यांची भर होय. हा संग्रह दर वर्षी निघत होता आणि अमेरिकन वाचकवर्गाला परिचित होता, तेव्हा १९२८ च्या न्यूयॉर्कमधील पत्रकाराच्या हाती हा साचा तेथूनच आला असावा, असे रचनेच्या या साम्यावरून मानणे योग्य ठरते.

या मताला प्रतिस्पर्धी आहेत. नाटक-चित्रपटांतील नामवंत नटाला इंग्रजीत ‘स्टार’ म्हणतात, त्यावरून हे चिन्ह सुचले असे एक मत आहे. पण तो शब्द नटाची प्रसिद्धी सांगतो, मोजदाद सांगत नाही. कोन्याक मद्याच्या बाटल्यांवरील तारका हा दुसरा दावा. तेथे मोजदाद आहे, मात्र ती मद्य किती मुरले याची. अधिक वजनदार दावा खुद्द छापखान्याचा आहे. अमेरिकन दैनिकांच्या दिवसभरात निघणाऱ्या आवृत्त्या पहिल्या पानावरील तारकांच्या संख्येने ओळखल्या जात, आणि ‘फाइव्ह स्टार फायनल’ या १९३१ च्या चित्रपटाचे नावच त्या प्रथेवरून पडले आहे. म्हणजे तारकेचे खिळे जुळाऱ्याच्या हाताशी होते. मात्र खिळे हाताशी असणे वेगळे आणि त्यांना गुणवत्तेचा अर्थ देणे वेगळे, आणि हा अर्थ ओब्रायन यांच्याकडेच तयार मिळतो.

नंतरचा प्रवास सुपरिचित आहे. ‘काहिए द्यु सिनेमा’ या फ्रेंच मासिकाने १९५० च्या दशकात दहा समीक्षकांच्या तारका एकाच कोष्टकात शेजारी-शेजारी छापून मतभेद उघडा ठेवला, ही या परंपरेतील सर्वांत प्रामाणिक सुधारणा होय. व्हिडिओ गेमच्या जगात जपानच्या ‘फामित्सु’ या नियतकालिकाने चार परीक्षकांचे प्रत्येकी दहापैकी गुण मिळवून चाळीसचा आकडा रूढ केला. २००१ मध्ये सुरू झालेल्या ‘मेटाक्रिटिक’ या संकेतस्थळाने चारपैकी तीन तारका म्हणजे शंभरपैकी ७५ असे रूपांतर करून सगळ्यांची सरासरी काढली, आणि तो आकडा पुढे व्यवहारातही शिरला: ‘फॉलआउट: न्यू वेगास’ या २०१० च्या खेळाच्या निर्मात्यांना ८५ गुणांवर अवलंबून असलेला बोनस ८४ गुण पडल्यामुळे मिळाला नाही, असे त्यांच्यापैकीच एकाने २०१२ मध्ये जाहीरपणे सांगितले.

ओब्रायन आणि थायरर या दोघांच्याही तारकांना ठरलेले अर्थ होते आणि वाचकाला त्यांचा ताळा घेता येत होता. मराठी वृत्तपत्रे आज चित्रपटांना पाचपैकी तारका आणि अर्ध्या तारकाही देतात. त्यांनी त्या तारकांखाली प्रत्येकीचा अर्थ आणि ती कोणत्या कसोटीवर दिली हे एका ओळीत छापावे.