तीर्थपुरीपासून न्यायालय किती दूर?

न्यायालयाच्या इमारतीचा इतिहास पायाभरणी, शिल्पकार आणि खर्च यांच्या आधारे लिहिण्याचा प्रघात आहे. खेड्यातून पाहणाऱ्याला मात्र त्या वास्तूची लांबी-रुंदी दिसण्यापूर्वी तिचे अंतर जाणवते. जालना जिल्ह्यातील तीर्थपुरी हे गाव डोळ्यांसमोर ठेवून आम्ही हा इतिहास पाहणार आहोत. आज घनसावंगी तालुक्यात असलेले हे गाव पूर्वी अंबड तालुक्यात होते. गाव जागचे हलले नाही. परंतु त्याचे उच्च न्यायालय एका शतकाच्या आत तीन शहरांत फिरले.

निजामाच्या अमलात शेवटचा दाद मागण्याचा मार्ग हैदराबादेस जाई. १९०८ च्या महापुराने मुशी नदीचा काठ उद्ध्वस्त झाल्यावर त्या तीरावर ज्या नव्या इमारती उभ्या राहिल्या, त्यांत उच्च न्यायालयाची वास्तू अग्रगण्य होती. जयपूरच्या शंकरलाल यांनी आराखडा केला, व्हिन्सेंट एश यांनी तो प्रत्यक्षात आणला आणि २० एप्रिल १९२० रोजी तिचे उद्घाटन झाले. तांबडा वालुकाश्म, गुलाबी ग्रॅनाइट आणि घुमट! जालन्याहून मीटरगेज गाडी थेट त्या शहरापर्यंत नेत असे. पण कोर्टाची भाषा उर्दू. मराठी शेतकऱ्याच्या जमिनीचा निवाडा ज्या कागदावर होई, तो त्याला स्वतःला वाचता येत नसे. त्या काळचे उर्दू दस्तऐवज आजही वाचून घ्यावे लागतात. राजवट सरते, कागद मागे राहतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि तीर्थपुरीचे उच्च न्यायालय मुंबई झाले. कर्नल फुलर यांनी रेखाटलेली ही वास्तू १८७१ मध्ये आरंभून १८७८ मध्ये पूर्ण झाली. लांबी ५६२ फूट, खर्च १६,४४,५२८ रुपये. आणि नवलाची गोष्ट म्हणजे मंजूर रकमेतून २,६६८ रुपये शिल्लक राहिले! सरकारी बांधकामाच्या इतिहासात हा चमत्कारच म्हणावा. दोन अष्टकोनी मनोऱ्यांवर न्याय आणि दया यांच्या मूर्ती आहेत. या दोघींना शेजारी उभे करण्याची कल्पना आपल्या वाचकांच्या मनाला विशेष भिडेल. आतील एका खांबावर तराजू धरलेले एकाक्ष माकड कोरले आहे. कोर्टात दावा हरलेल्या कंत्राटदाराने उगवलेला तो सूड होय, अशी आख्यायिका सांगतात. ती खरी असो वा नसो, हरलेल्या पक्षकारांनी तिला जिवंत ठेवले असावे.

भाषेचे राज्य मिळाले, तरी उच्च न्यायालयाची भाषा इंग्रजीच होती. प्रवासही सोपा नव्हता. रुंद मार्ग येईपर्यंत मनमाडला गाडी बदलावी लागे. जालन्यापासून मुंबई चारशे किलोमीटरांहून अधिक. वकिलाची फी, मुक्काम, बुडालेली मजुरी यांची बेरीज केल्यावर लहान शेतकरी अपिलाचा विचार सोडून देई. न्याय नाकारण्याचा हा प्रकार कोणत्याही निकालपत्रात नोंदला जात नाही, म्हणून आम्हांस तो अधिक गंभीर वाटतो.

१९८१ हे वर्ष या दृष्टीने मोलाचे ठरले. १ मे रोजी जालना स्वतंत्र जिल्हा झाला. २७ ऑगस्टपासून औरंगाबाद येथे (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) उच्च न्यायालयाचे न्यायाधीश बसू लागले. मुख्य न्यायमूर्ती व्ही. एस. देशपांडे यांच्या त्या आदेशाला आव्हान दिले गेले. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्द ठरविला. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो वैध मानला. न्यायालयाने कोठे बसावे, याचाच खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, ही गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे. १९८४ मध्ये तेथे कायम खंडपीठ झाले.

या खंडपीठाच्या इमारतीला मुशीकाठचे घुमट नाहीत, की मुंबईचे मनोरे नाहीत. शिल्पकलेच्या ग्रंथांत तिला फारशी जागा मिळणार नाही. ती ज्या रस्त्यावर उभी आहे त्याचे नाव मात्र जालना रोड. तीर्थपुरीचा पक्षकार सकाळी निघून जालन्यावरून याच रस्त्याने येतो आणि तारीख लवकर आटोपली, तर दिवेलागणीला घरी परततो.