अंतर, ऐपत आणि 'पोहोच' : प्राथमिक आरोग्यसेवेच्या मोजमापाचा इतिहास

आरोग्यसेवा जनतेपर्यंत पोहोचली की नाही, हे ठरविण्याची भारतातील पहिली पद्धत भागाकाराची होती. लोकसंख्येस केंद्रांच्या संख्येने भागावे आणि येणाऱ्या आकड्यावरून प्रगतीचे माप घ्यावे, असा हा प्रघात होता. रुग्ण त्या केंद्राच्या दाराशी येतो काय, आला तर त्यास काय मोजावे लागते, आणि न आला तर तो कोठे जातो, हे प्रश्न त्या भागाकारात बसत नव्हते. ते संशोधनाच्या मध्यभागी येण्यास स्वातंत्र्यानंतर जवळजवळ चार दशके लागली.

ह्या भागाकाराचा उगम शोधू गेल्यास दोन दस्तऐवज समोर येतात. राष्ट्रीय नियोजन समितीच्या आरोग्यविषयक उपसमितीचे अध्यक्ष साहिब सिंग सोखी हे मुंबईच्या हाफकिन संस्थेचे संचालक होते. दर हजार लोकसंख्येमागे एक प्रशिक्षित आरोग्यसेवक असावा, अशी ह्या उपसमितीची मागणी होती. त्यानंतर ऑक्टोबर १९४३ मध्ये सर जोसेफ भोर ह्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि १९४६ साली तिचा चार खंडांचा अहवाल प्रसिद्ध झाला. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही योग्य उपचारांपासून वंचित राहू नये, हे तत्त्व त्या अहवालाच्या आधारभूत तत्त्वांत अग्रभागी आहे. परंतु तत्त्वाकडून योजनेकडे वळताच ऐपतीचा विचार मागे पडतो आणि प्रमाणांचा पुढे येतो : तूर्त ४०,००० लोकसंख्येस एक प्राथमिक केंद्र, त्यात दोन डॉक्टर, चार सार्वजनिक आरोग्य परिचारिका, चार सुईणी, इत्यादी. सेवा विनामूल्य ठेवली म्हणजे ऐपतीचा प्रश्न सुटला, हे त्यामागील गृहीत होते. ते कोणी तपासून पाहिले नाही. तपासण्याची साधनेही त्या काळी नव्हती, हे न्यायाने सांगितले पाहिजे.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी समुदाय विकास कार्यक्रमास आरंभ झाला आणि त्याच्या आश्रयाने प्रत्यक्षात जी केंद्रे उघडली, ती विकासगटामागे एक अशी, म्हणजे साठ हजार ते एक लाख लोकवस्तीस एक. मुदलियार समितीने १९६१ मध्ये पुन्हा ४०,००० चे प्रमाण सांगितले. पुढे ते सपाटीच्या प्रदेशात ३०,००० आणि डोंगराळ व आदिवासी भागांत २०,००० असे झाले. भाजक उतरत गेला, रीत तीच राहिली. अंदाजपत्रक मांडणाऱ्यास भाजकाची गरज असतेच. अडचण एवढीच की, तोच भाजक पुढे यशाचे प्रमाणपत्र होऊन बसला.

येथे भाषेच्या एका बारकाव्याकडे लक्ष वेधणे अप्रस्तुत ठरू नये. 'केंद्र खेड्यापर्यंत पोहोचले' आणि 'रुग्ण केंद्रापर्यंत पोहोचला' ह्या दोन्ही वाक्यांत क्रियापद एकच आहे. कर्ता मात्र बदलला आहे. पहिल्या वाक्यात चालणारे शासन आहे, दुसऱ्यात आजारी माणूस. शासकीय अहवालांची वाक्ये बहुतांशी पहिल्या घाटाची असतात. इंग्रजीतील संशोधकांनी ह्या एका संकल्पनेचे पदर उलगडण्याचा प्रयत्न केला. पेन्चान्स्की आणि थॉमस ह्यांनी १९८१ मध्ये तिचे पाच घटक मांडले. मराठीत ते उपलब्धता, स्थानिक सुगमता, वेळेची व व्यवस्थेची सोय, परवडणे आणि स्वीकार्यता असे सांगता येतील. भागाकाराने ह्यांपैकी पहिल्या घटकाचे पुरते आणि दुसऱ्याचे अर्धेमुर्धे माप होते.

अंतर हीदेखील एक किंमत आहे, हे अर्थशास्त्राने उशिरा ओळखले. गॅरी बेकर ह्यांच्या १९६५ च्या निबंधाने वेळेस मूल्य दिले. जॅन अ‍ॅक्टन ह्यांनी १९७५ मध्ये न्यूयॉर्कच्या नागरी रुग्णालयांतील रुग्णांच्या अभ्यासातून दाखविले की, जेथे पैसे द्यावे लागत नाहीत तेथे प्रवासाला लागणारा वेळच किमतीचे काम करतो. शेतमजुरीवर जगणाऱ्या बाईस हे सिद्धांतावाचून ठाऊक असते. केंद्र दहा-बारा किलोमीटरवर असले, तर फुकट औषधासाठी तिला दिवसाची मजुरी आणि एस.टी.चे भाडे द्यावे लागते. तेवढ्यात गावातला खासगी डॉक्टर सुई टोचून देतो, आणि तीही संध्याकाळी, कामावरून परतल्यावर.

ती खासगी डॉक्टरकडे जाते, ह्याचा आकडेवारीने पुरावा मिळाला तो महाराष्ट्रातच. रवी दुग्गल आणि सुचेता अमीन ह्यांची जळगाव जिल्ह्यातील कुटुंबांची पाहणी १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली. केंद्रांच्या नोंदवह्या न पाहता घरोघरी जाऊन, आजारपणात कोणाकडे गेलात व किती खर्च झाला, असे विचारले असता चित्र उलटे दिसले : लोक मुख्यतः खासगी व्यवसायींकडे जात होते आणि कुटुंबांच्या खिशातून होणारा खर्च शासकीय खर्चाहून कितीतरी अधिक होता. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या फेऱ्यांनी ह्यास देशव्यापी दुजोरा दिला. १९८६-८७ मध्ये ग्रामीण भागात रुग्णालयात दाखल होणाऱ्यांपैकी सुमारे ६० टक्के शासकीय रुग्णालयांत जात. १९९५-९६ पर्यंत हे प्रमाण ४५ टक्क्यांच्या आसपास उतरले. बाह्यरुग्ण उपचारांत तर शासकीय वाटा आधीच चौथ्या हिश्श्याएवढा होता. प्राथमिक केंद्राचे खरे काम बाह्यरुग्णांचे, हे ध्यानी घेतले म्हणजे ह्या आकड्याचे गांभीर्य कळते.

लोक खासगीकडे का वळतात, ह्यावर 'अज्ञान' हे सोपे उत्तर दीर्घकाळ चालत आले. राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यातील अभ्यासाने त्यास जबर धक्का दिला. अभिजित बॅनर्जी, अँगस डीटन आणि एस्थर डफ्लो ह्यांच्या २००४ च्या निबंधानुसार तेथील उपकेंद्रे कामाच्या वेळात ५६ टक्के प्रसंगी बंद आढळली. आठवड्याला एक फेरी मारून केलेल्या ह्या नोंदींत बंद राहण्याचा ठरावीक वार किंवा वेळ सापडला नाही. केंद्र दर मंगळवारी बंद असते, तर रुग्ण बुधवारी गेला असता. अनियमिततेलाच नियम नसेल, तर पायपीट न करणे हा अडाणीपणा नव्हे, हिशेब आहे.

जामखेडचा प्रयोग ह्या संदर्भात वेगळा उठून दिसतो. रजनीकांत व मेबल आरोळे ह्यांनी १९७० मध्ये तेथे काम सुरू केले आणि गावातीलच, बहुधा निरक्षर, पुष्कळदा दलित स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. अंतर, मजुरीची बुडीत आणि परकेपणा ह्या तिन्ही गोष्टी एकाच उपायाने कमी झाल्या. २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने 'आशा' नेमल्या, त्यांत ह्या परंपरेचा धागा दिसतो, जरी त्यांना वेतनाऐवजी कामागणिक मोबदला देण्याची रीत जामखेडच्या भावनेशी फारशी जुळणारी नाही.

अलीकडील हिशेबांत खिशातून होणाऱ्या खर्चाचा वाटा उतरलेला दिसतो. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चात तो २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्के. ही घट स्वागतार्ह असली, तरी तिचा अर्थ लावताना सावधगिरी हवी. ज्या कुटुंबाने डॉक्टर गाठलाच नाही, त्याचाही खर्च शून्यच नोंदला जातो. नमुना पाहणीच्या प्रश्नावलीत उपचार न घेण्याचे कारण विचारलेले असते. ग्रामीण भागात उपचार न घेतलेल्या आजारांपैकी १९८६-८७ मध्ये सुमारे १५ टक्क्यांच्या बाबतीत पैशाची अडचण हे कारण सांगितले गेले होते. २००४ मध्ये हे प्रमाण २८ टक्क्यांवर गेले. ह्या अठरा वर्षांत केंद्रांची संख्या वाढलेली होती.