शत्रूने पाळलेला शब्द

ठाण्याहून नाशिकच्या वाटेने भिवंडी मागे टाकली की वडपे लागते. आज तेथे गोदामांच्या रांगा आणि मालमोटारींची अखंड वर्दळ आहे. याच तालुक्यात एकीकडे अणजूर आणि दुसरीकडे वज्रेश्वरी आहे. वसईच्या 1739 सालच्या संग्रामाशी या दोन्ही गावांचे नाते आहे, आणि आपण ख्रिस्ती माणसे ते सहसा आठवत नाही.

शत्रूवर प्रीती करा, ही प्रभू येशूची आज्ञा आपण गिरिप्रवचनातून ऐकतो. ती ऐकताना क्षमा करणारे आपण आणि क्षमा घेणारा दुसरा, असे गृहीत धरतो. दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात मात्र दया करणारा परका आहे. आपल्या पूर्वजांच्या इतिहासातही एकदा असेच घडले.

1534 साली वसई पोर्तुगिजांच्या हाती आली. त्यांच्यासोबत आलेल्या मिशनऱ्यांकडून आपणांस श्रद्धेचा ठेवा लाभला, त्याबद्दल आपण कृतज्ञ आहोत. परंतु त्याच राजवटीत देवळे पाडली गेली, हिंदू प्रजेच्या उघड धर्माचरणावर बंदी आली, आणि 1560 पासून गोव्यात इन्क्विझिशनचे न्यायासन बसले. अणजूरच्या गंगाजी नाईकांनी पेशव्यांच्या दरबारी नेलेली गाऱ्हाणी काल्पनिक नव्हती. हे लिहिताना आमची लेखणी अडखळते. पण न लिहिले तर पुढच्या गोष्टीला अर्थच उरत नाही.

1737 साली ठाणे पडले. 1739 च्या फेब्रुवारीत चिमाजी अप्पांनी वसईला वेढा घातला. मोहिमेच्या यशासाठी त्यांनी वज्रेश्वरीला नवस केला होता, असे सांगतात. मे महिन्यात सुरुंगांनी सेंट सेबॅस्टियन बुरूज फोडला. दोन्ही बाजूंची अतोनात माणसे पडली, मराठ्यांची तर हजारोंनी. एवढे रक्त सांडल्यावर विजेत्याने काय करावे? त्या काळच्या युद्धरीतीप्रमाणे शहर लुटले जाणे कोणालाही नवल वाटले नसते.

16 मे रोजी काएतानु द सोझा पेरैरा यांनी शरणागतीच्या अटींवर सही केली. (1802 चा वसईचा तह तो निराळा.) शिबंदीने हत्यारांसह, नगारे वाजवीत, निशाणे फडकवीत बाहेर पडावे, कुटुंबकबिला आणि चीजवस्तू सोबत न्यावी, जे ख्रिस्ती मागे राहतील त्यांना आपला धर्म पाळण्याची मोकळीक असावी, असे ठरले. आठ दिवसांची मुदत होती आणि ती पाळली गेली. 23 मे रोजी किल्ला मराठ्यांच्या ताब्यात आला. चिमाजींनी एका पोर्तुगीज स्त्रीला सन्मानाने परत पाठविल्याची कथा लोकप्रिय आहे. आम्हांला त्या कथेपेक्षा हा कागद अधिक बोलका वाटतो.

यात व्यवहार नव्हता असे नाही. वेढा लांबविणे मराठ्यांनाही परवडणारे नव्हते. चर्चच्या घंटा विजयचिन्हे म्हणून नेल्या गेल्या, त्यांपैकी एक भीमाशंकरला आजही पाहावयास मिळते. तरीही सूड घेण्याची संधी आणि कारण दोन्ही हाती असताना बायकामुलांना सुखरूप वाट दिली गेली, ही गोष्ट कमी होत नाही.

युरोपीय धर्मगुरू बहुतेक निघून गेले. देशी धर्मगुरू आणि वसईची शेतकरी-कोळी ख्रिस्ती कुटुंबे मागे राहिली. किल्ल्यातील मठमंदिरे ओस पडली, त्यांच्या भिंतींवर वडपिंपळ उगवले. बाहेर गावोगावी मात्र संध्याकाळची रोजरी चालू राहिली, ती मराठी राज्यात, आपल्याच बोलीत.