बंबातली मोटार

नरकचतुर्दशीच्या पहाटे आमच्या घरी ज्या बंबात अभ्यंगाचे पाणी तापते, तो बंब एके काळी सर्व्हिस मोटारीच्या पाठीवर बसून रोज गारगोटीला जाऊन येत असे. ऐकणाऱ्याला ही थाप वाटते. पण बंबाच्या पोटाला हात लावून पाहिला तर चार बोल्टांची भोके बुजवल्याच्या खुणा अजून लागतात. त्या बोल्टांनीच तो मोटारीला जखडलेला होता.

गेल्या दिवाळीत त्याच बंबापुढे बसून माझ्या पुतण्याने मला प्रश्न घातला. त्याचे दोन ट्रक आहेत. गूळ आणि ओतकामाचा माल तो पुण्या-मुंबईला पोचवतो. तिसरा ट्रक घ्यायचा विचार चालला होता. तो म्हणाला, "काका, सगळी म्हणत्यात पुढचा जमाना हायड्रोजनचा. मग डिझेलच्या गाडीसाठी कर्ज काढू, का थांबू?"

मी त्याला म्हणालो, "तू ज्याच्यापुढे बसलायस, त्याला आधी विचार." तो हसला. पण मी थट्टा करीत नव्हतो.

१९४१ साली युद्धामुळे हिंदुस्थानात पेट्रोलवर रेशन आले. पुढच्याच वर्षी ब्रह्मदेश जपान्यांच्या हाती गेला आणि तिथल्या तेलविहिरींचे तेलही थांबले. पेट्रोलच्या कुपनांवर सर्व्हिस मोटार महिनाभर चालणे अशक्य होते. तेव्हा गावोगावच्या मोटारवाल्यांनी कोळशाची कास धरली. माझ्या आजोबांची एका सर्व्हिस मोटारीत निम्मी पाती होती. त्यांनी शेताचा एक तुकडा विकला, आणि एका मिस्त्रीकडून मोटारीच्या मागे गॅसची भट्टी बसवून घेतली.

भट्टी म्हणजे पत्र्याचा उभा पिंप. त्यात लाकडी कोळसा भरायचा, खालून विस्तव घालायचा आणि हाताचा पंखा फिरवत बसायचे. हवा बेतानेच सोडायची, म्हणजे कोळसा पुरता जळत नाही. त्याचा जळाऊ वायू होतो. तो गाळणीतून गाळून, निववून इंजिनात घ्यायचा. पहाटे पाचची गाडी सोडायची तर क्लीनरला चार वाजता उठून पंख्याशी झोंबावे लागे. एवढे करूनही इंजिनाची ताकद तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घटलेली. चढ आला की उतारू आपण होऊन खाली उतरत, बाप्ये गाडीला खांदा लावीत आणि बायका ट्रंका सांभाळीत मागून चालत. आजोबांच्या डाव्या मनगटावर भट्टीच्या झाकणाने भाजल्याचा डाग अखेरपर्यंत होता. गाडी बंद शेडमध्ये लावून तिच्यातच झोपायचे नाही, अशी त्यांची सक्त ताकीद असे. त्या वायूला वास नसतो, आणि तो माणसाला झोपेतच नेतो.

आता गंमत पाहा. त्या वायूतला जळाऊ भाग मुख्यतः कार्बन मोनॉक्साइडचा असे. पण कोळशातल्या दमटपणामुळे आणि वाफेमुळे थोडाफार हायड्रोजनही निघे. म्हणजे ज्याला आज भविष्यकाळाचे इंधन म्हणतात, त्याच्यावर माझे आजोबा ऐंशी वर्षांपूर्वी काही अंशी का होईना गारगोटीला जात होते!

खरे तर हायड्रोजनचे मोटारीशी नाते पेट्रोलहूनही जुने आहे. इझाक द रिव्हाझ नावाच्या स्विस गृहस्थाने १८०७ सालीच हायड्रोजनच्या स्फोटावर चालणारे इंजिन केले होते. १८३९ मध्ये विल्यम ग्रोव्ह या वेल्श माणसाने त्याहून नवलाची युक्ती काढली. विजेने पाण्याचे हायड्रोजन आणि ऑक्सिजन होतात, हे ठाऊक होते. ग्रोव्हने उलट केले. दोन्ही वायू प्लॅटिनमच्या पट्ट्यांपाशी आणून त्याने वीज मिळवली, आणि मागे उरले ते नुसते पाणी. हाच आजचा इंधनघट. त्यात जाळ नाही, धूर नाही. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांत अशाच घटांनी वीज पुरवली आणि त्यांतून निघालेले पाणी अंतराळवीर प्यायले.

कोल्हापूरकरांना याचा आणखी एक धागा दाखवता येईल. दसऱ्याला आपण दसरा चौकात ज्या मेबॅक गाडीची वाट पाहत उभे असतो, तिच्या कारखान्याचा जन्म १९०९ साली झेपेलिन विमानांना इंजिने पुरवण्यासाठी झाला. ही आकाशातली अवाढव्य जहाजे हायड्रोजन भरून तरंगत. १९३७ च्या मे महिन्यात अमेरिकेत लेकहर्स्ट येथे 'हिंडेनबुर्ग' जहाज पेटले, छत्तीस माणसे गेली, आणि हायड्रोजनच्या नावाला जी भीती चिकटली ती अजून सुटलेली नाही.

हे सारे ऐकून पुतण्या म्हणाला, "म्हणजे दोनशे वर्षं झाली, अन् अजून 'येणार, येणार'च?"

अगदी तसेच नाही. आपल्या पुण्यातच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि केपीआयटी यांनी मिळून २०२० साली इंधनघटाची मोटार चालवून दाखवली; २०२२ च्या ऑगस्टमध्ये तशीच बसही पुण्यात लोकांपुढे आली. त्याच वर्षी मार्चमध्ये नागपूरचे नितीन गडकरी हायड्रोजनच्या टोयोटा मिराईतून संसदेत गेले. जानेवारी २०२३ मध्ये केंद्र सरकारने हरित हायड्रोजनच्या कामाला १९,७४४ कोटी रुपये मंजूर केले, आणि मार्च २०२५ मध्ये टाटांचे सोळा हायड्रोजन ट्रक चाचणीसाठी रस्त्यावर निघाले. मुंबई-पुण्याचे रस्तेही त्यांच्या वाटेत आहेत. तेव्हा ही गाडी चालते की नाही, हा प्रश्न निकालात निघाला आहे. ती उत्तम चालते.

पण आजोबांची मोटारही चालत होतीच. प्रश्न भट्टीचा असतो, तसाच कोळशाचाही असतो.

मी बंबाशेजारच्या फरशीवर खडूने हिशेब मांडला. पाण्यातून एक किलो हायड्रोजन काढायला पन्नास-पंचावन्न युनिट वीज लागते. तो हायड्रोजन प्रचंड दाबाखाली, मोटारीत सातशे वातावरणांपर्यंत, कोंबावा लागतो. त्याला आणखी वीज. एवढ्यावर इंधनघटाची मोटार शंभर किलोमीटर किंवा थोडी अधिक जाते. तीच वीज थेट बॅटरीत भरली तर तेवढीच मोटार तीनशे किलोमीटरांच्या घरात जाते. म्हणजे हायड्रोजनवाला दोन हिस्से वीज वाटेतच सांडतो. दिवसाला चाळीस किलोमीटर फिरणाऱ्या घरगुती मोटारीला ही चैन कशी परवडावी? ती रात्री अंगणात उभी असते. तिला तिथेच वीज पाजावी. कॅलिफोर्नियात लोकांनी हौसेने हायड्रोजनच्या मोटारी घेतल्या, आणि २०२४ साली शेल कंपनीने तिथले मोटारींचे हायड्रोजन पंप बंद केले. गाड्या चांगल्या, पण भरायचे कुठे?

शिवाय जगातला बहुतेक हायड्रोजन आज पाण्यातून निघतच नाही. तो नैसर्गिक वायू आणि दगडी कोळशापासून काढतात. धूर मोटारीच्या मागून निघत नाही, कारखान्यातून निघतो, इतकेच. आजोबांच्या मोटारीलाही पेट्रोल लागत नव्हते. पण तिचा कोळसा झाडे तोडून, रानात भट्ट्या लावूनच येत असे. उताऱ्याला ती रानातली भट्टी दिसत नव्हती.

मात्र पुतण्याची गोष्ट निराळी. वीस-पंचवीस टन माल ओढायचा तर बॅटरीचेच वजन टनांनी वाढते आणि भरायला वेळ जातो. हायड्रोजनची टाकी काही मिनिटांत भरते. ठरावीक मार्ग, दोन्ही टोकांना पंप आणि स्वच्छ वीज स्वस्त मिळाली, तर लांब पल्ल्याच्या ट्रकांत हायड्रोजनला जागा आहे. घरगुती मोटारीत मला ती दिसत नाही.

"आणि आपल्या फौंड्र्यांचं काय?" त्याने विचारले. प्रश्न बिनतोड होता. उद्यमनगरपासून शिरोलीपर्यंत कितीतरी घरांची चूल इंजिनाच्या ओतीव भागांवर पेटते. इंधनघटात सिलिंडर नाही, पिस्टन नाही. हायड्रोजन नेहमीच्या धर्तीच्या इंजिनात जाळूनही ट्रक चालतो, आणि टाटांच्या चाचणीत तसेही ट्रक आहेत. तो मार्ग टिकला तर ओतकामालाही काम राहील. पण त्या आशेवर स्वस्थ बसण्यात शहाणपण नाही.

आजोबांचे पुढे काय झाले ते सांगायचे राहिले. युद्ध संपले, हळूहळू पेट्रोल परतले, आणि शेत विकून घेतलेली भट्टी वर्षा-दोन वर्षांत मोडीची झाली. १९४८ साली एस.टी. सुरू झाली, १९४९ साली संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झाले. खाजगी सर्व्हिस मोटारींचे दिवस भरले आणि आजोबा एस.टी.त ड्रायव्हर झाले. त्यांनी भट्टी भंगारात दिली नाही. त्याच मिस्त्रीकडून तिचा बंब करून घेतला. शेत गेल्याचे दुःख त्यांनी कधी बोलून दाखवले नाही; पण घरात कुणी नवी वस्तू आणली की ते एवढेच विचारीत, "हिला लागणारा माल कुठं मिळतो?"

पुतण्याने शेवटी डिझेलचाच ट्रक घेतला, पण जुना, थोड्या हप्त्यांचा. चार वर्षांत कर्ज फिटेल, तोवर महामार्गावर हायड्रोजनचा पंप दिसतो का ते पाहू, म्हणाला. मला ते पटले.

एवढ्यात आतून वहिनींची हाक आली, पाणी निवतंय म्हणून. पुतण्याने बंबात दोन ढलप्या सारल्या, तोटी सोडली आणि पहिला मान मला दिला. पाणी चांगले कढत होते.