पाठीमागचा वाडा

लग्न ठरल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी फोनवर शोधलं: ‘पुण्याजवळ हेरिटेज वेडिंग व्हेन्यू’. पाच मिनिटांत तीन राजवाडे, दोन ‘पेशवेकालीन’ रिसॉर्ट आणि नुकताच बांधून झालेला एक किल्ला समोर आला. आजीला दाखवलं. चष्मा पुसून ती म्हणाली, “छान आहे गं. पण इथे राहायचं कोण?”

या प्रश्नाचं उत्तर एकाही वेबसाइटवर नव्हतं.

आजीचं लग्न 1966 साली शुक्रवार पेठेत झालं, माहेरच्या वाड्याच्या चौकात. तेव्हा त्याला कुणी हेरिटेज म्हणत नव्हतं. चौकात मांडव, ओसरीवर पंगती, शेजारच्या बिऱ्हाडांत पाहुण्यांची झोपायची सोय. फोटोसाठी पेठेतलाच एक फोटोग्राफर ठरवला होता. आगाऊ पैसे घेऊन तो आला, दिवसभर फोटो काढले, आणि मग कित्येक महिने ‘रोल धुवायला टाकलाय’ एवढंच सांगत राहिला. शेवटी एक दिवस दुकानालाच कुलूप दिसलं. आज घरात जे फोटो आहेत, ते आजीच्या मामांनी आग्फा क्लिक थ्रीवर काढलेले. रोलमध्ये 12 फोटो, त्यातले 7 धड आले.

पुढे वाडा पडला आणि तिथे सोसायटी उभी राहिली. वाड्याचा म्हणून वेगळा फोटो कुणीच काढला नव्हता. राहत्या घराचा फोटो कोण काढतं? त्या 7 फोटोंत नवरा-नवरीच्या मागे लाकडी खांब, वरचा सज्जा आणि हौदाची कड दिसते. आमचा वाडा आता तेवढाच उरलाय.

तेव्हा माझ्या लक्षात आलं, की जागा कुठली आणि फोटोग्राफर कोण, हे दोन वेगळे प्रश्न नाहीतच.

आधी जागेचं सांगते. माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या डोक्यात शनिवारवाडा होता, हे तो आता कबूल करत नाही. 1732 मध्ये वास्तुशांत झालेला हा वाडा 1828 च्या आगीत जळाला. उरले ते तट, दरवाजे आणि चौथरे. तो पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातलं संरक्षित स्मारक आहे. अशा ठिकाणी केंद्र सरकारच्या लेखी परवानगीशिवाय समारंभ किंवा मेजवानी करता येत नाही. साधा ट्रायपॉड लावायलाही परवानगी लागते. किल्ल्यांचं म्हणाल, तर 2019 चा सप्टेंबर आठवा. राज्यातले 25 किल्ले हॉटेल आणि लग्नसमारंभांसाठी भाड्यानं द्यायची योजना बातम्यांत आली आणि इतका संताप उसळला, की शिवाजी महाराजांशी निगडित किल्ल्यांना हात लावणार नाही, असा खुलासा सरकारला करावा लागला.

मला तो संताप पटला होता, आणि तरीही मी हेरिटेज व्हेन्यू शोधत होते. आपल्याला इतिहास हवा असतो, पण बॅकग्राउंडला.

पुण्याच्या इतिहासातलं गाजलेलं लग्न सवाई माधवरावांचं, 1783 सालचं. नवरदेव आठ वर्षांचे, नवरी त्याहून लहान. कॅमेरा यायला अजून अर्धं शतक होतं. तरी त्या लग्नाबद्दल आपल्याला पुष्कळ कळतं, कारण नाना फडणवीसांच्या कारभारात व्यवस्थेच्या तपशीलवार याद्या झाल्या आणि ते कागद टिकले. त्यांत सरबराई आहे, मानपान आहे. नवरीला काय वाटलं, ते मात्र कुठेच नाही. नोंद करणारा जे टिपतो, तेच पुढे उरतं.

फोटोग्राफी मुंबईत लवकर आली. 1854 मध्ये तिथे फोटोग्राफिक सोसायटी निघाली, आणि लगेच एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये फोटोग्राफीचा वर्ग सुरू झाला. तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण हे मुंबईतल्या सुरुवातीच्या भारतीय व्यावसायिक फोटोग्राफरांपैकी एक. त्यांचा एक किस्सा लग्नघरांसाठीच आहे. 1879 मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीचे ऑल्कॉट आणि मादाम ब्लाव्हाट्स्की मुंबईत उतरले, तेव्हा त्यांच्या स्वागताची आणि राहण्याची व्यवस्था हरिश्चंद्रांनी केली. पाहुणे भारावून गेले. मग बिल आलं. ऑल्कॉट आठवणींत लिहितात, की त्यात घरभाडं होतं, दुरुस्ती होती, स्वागत समारंभाच्या खुर्च्यांचं भाडं होतं आणि ‘लवकर या’ म्हणून केलेल्या तारेचा खर्चही होता. ही अर्थात ऑल्कॉट यांची बाजू. पण ‘सगळं मी बघतो’ हे वाक्य ऐकलं, की मला आता त्या खुर्च्या आठवतात.

आम्ही शेवटी वाईजवळचा एक खासगी वाडा ठरवलाय. तिथे अजून माणसं राहतात, त्यामुळे आजीच्या प्रश्नाला उत्तर मिळालं. मालकीणबाईंनी अटी तोंडावर सांगितल्या: दीडशेच माणसं, होम फक्त उघड्या चौकात, लाकडाला एकही खिळा नाही, लाइटिंगसाठी वेगळा जनरेटर. रात्री दहानंतर स्पीकर बंद, तो तर कायदाच आहे. रिसॉर्टवाल्यांनी एकाही गोष्टीला नाही म्हटलं नव्हतं. जुनं लाकूड सांभाळणाऱ्याला नाही म्हणावंच लागतं.

फोटोग्राफर निवडताना इन्स्टाग्रामवरचे निवडक फोटो बाजूला ठेवले आणि एका लग्नाचा पूर्ण अल्बम मागितला, पंगतीपासून पाठवणीपर्यंत. प्रत्यक्ष तुम्हीच येणार की दुसऱ्या कुणाला पाठवणार? फोटो एकाच वेळी दोन कार्डांवर साठवता का? किती दिवसांत देणार, आणि शेवटचा हप्ता त्यानंतर चालेल ना? सगळं कागदावर घेतलं. तुम्हीही घ्या. आपल्या कॉपीराइट कायद्यानुसार, वेगळा करार नसेल तर पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोंची पहिली मालकी काढून घेणाऱ्याची असते. म्हणून सही करण्याआधी तो ‘वेगळा करार’ वाचा.

एक मागणी ऐकून मात्र फोटोग्राफर गोंधळला. लग्नाच्या दिवशी सकाळी, सजावटवाले यायच्या आधी, रिकाम्या वाड्याचे फोटो काढायचे. खांब, सज्जा, जिना, स्वयंपाकघर. “त्यात तुम्ही कुणीच नसणार?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, “हो. वाड्याचे फोटो हवेत.”

गेल्या रविवारी आजीला ते 7 फोटो घेऊन बसवलं. प्रत्येकाच्या मागे पेन्सिलनं नावं लिहायला घेतली. एका फोटोत हौदाच्या कडेला एक बाई पाठमोरी उभी आहे, कमरेला पदर खोचलेला. मला वाटलं होतं, ही कुणी महत्त्वाची नसेल. आजीनं फोटो डोळ्यांजवळ नेला. “वरच्या मजल्यावरच्या काकू. अख्ख्या लग्नाचं पुरण यांनी वाटलं, आणि जेवायला सगळ्यात शेवटी बसल्या.”

मी लिहून घेतलं.