खत, वही आणि कार्ड



कर्ज हा शब्द आपल्या घरांतून मोठ्यानें उच्चारला जात नाहीं. लग्न, आजारपण, पेरणी, मुलांचें शिक्षण यांची चर्चा ओसरीवर होते. पण त्यासाठीं कोणाकडून किती रुपये आणले आणि कोणत्या दरानें आणले, हें माजघरांत कुजबुजून सांगितलें जातें. अलीकडे कर्जानें आपलें रूपहि पालटलें आहे. पूर्वीं सावकाराच्या पेढीची पायरी चढावी लागे. आतां पाकिटांत मावणारें क्रेडिट कार्ड तेंच काम करतें आणि तेंहि इतक्या निमूटपणें करतें कीं, आपण कर्ज काढीत आहों हें काढणाऱ्याच्या ध्यानांत येत नाहीं. कर्जदाराच्या रक्षणासाठीं आपल्याकडे फार पूर्वींपासून नियम होत आले. त्यांतील कोणते कामाला आले, कोणते उलटले, आणि कार्ड बाळगणाऱ्या कुटुंबानें त्यावरून काय बोध घ्यावा, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

आरंभ धर्मशास्त्रापासून करूं. दरमहा मुद्दलाचा ऐंशीवा भाग, म्हणजे शेंकडा सव्वा, हा व्याजाचा दर मनुस्मृतींत आणि याज्ञवल्क्यस्मृतींत सांगितला आहे. याज्ञवल्क्यानें तो तारणाच्या कर्जाला लावला असून विनातारण कर्जाला वर्णपरत्वें शेंकडा दोनपासून पांचपर्यंत दर सांगितला आहे. या दरांत आजच्या दृष्टीनें न पटणारा भेदभाव आहेच. पण त्यांच्या जोडीला एक मोठा शहाणपणाचा नियम होता. एका वेळीं वसूल करावयाचें व्याज मुद्दलाहून अधिक असूं नये. हीच आपली दामदुपट. ऐंशीव्या भागाच्या दरानें मुद्दल दुप्पट होण्यास ऐंशी महिने, म्हणजे सहा वर्षें आठ महिने लागत. इंग्रजी अमदानींतहि मुंबई इलाख्यांतील न्यायालयांनीं हिंदु ऋणकोच्या बाबतींत हा नियम मान्य केला होता.

परंतु त्याच अमदानींत दोन कायदे असे झाले कीं, त्यांनीं खेड्यांतील देवघेवीचें स्वरूप बदलून टाकलें. १८५५ सालीं व्याजाच्या दरावरील कायदेशीर मर्यादा काढून घेण्यांत आली. दर किती असावा हें धनको व ऋणको यांनीं आपसांत ठरवावें, असें तत्त्व आलें. एका पक्षाला लिहितां-वाचतां येत असेल आणि दुसऱ्याला केवळ अंगठा उठवितां येत असेल, तर असा करार कितपत खुषीचा असतो, हें सांगावयास नको. पुढें १८५९ सालीं मुदतीचा कायदा झाला. त्याचा हेतु उत्तम होता. साध्या खतावरील कर्जाची फिर्याद तीन वर्षांच्या आंत झाली पाहिजे, म्हणजे जुनीं खतें उकरून काढून कोणी कुणब्याला छळणार नाहीं, अशी ती योजना होती.

प्रत्यक्षांत काय झालें? तीन वर्षें भरत आलीं कीं सावकार नवें खत लिहून मागूं लागला. जुनें मुद्दल आणि सांचलेलें व्याज यांची बेरीज करून तीच रक्कम नव्या खतांत मुद्दल म्हणून घातली जाई. दरमहा शेंकडा दोन दर धरला, तर शंभर रुपयांचें खत तीन वर्षांनीं १७२ रुपयांचें होतें, आणि आणखी तीन वर्षांनीं जवळजवळ २९६ रुपयांचें. दामदुपटीचा बांधहि येथें फुटला. कारण कालचें व्याज आज मुद्दलाचा वेष घेऊन उभें राहिलें होतें. ऋणकोला वांचविण्यासाठीं घातलेली मुदतच त्याच्या गळ्यांतील फांस झाली.

याचा परिणाम १८७५ सालीं दिसला. अमेरिकेंतील यादवी युद्धाच्या काळांत कापसाचे भाव चढले होते आणि शेतकऱ्याची पतहि वाढली होती. युद्ध संपतांच भाव कोसळले आणि कर्ज मात्र तसेंच राहिलें. त्यांत जमिनीच्या साऱ्याची नवी, वाढीव आकारणी आली. १२ मे १८७५ रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें येथें बाजाराच्या दिवशीं दंगा उसळला आणि तो पुणें व अहमदनगर जिल्ह्यांतील अनेक गांवांत पसरला. या दंग्यांत एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. शेतकऱ्यांचा मुख्य रोख सावकाराच्या जिवावर नव्हता, त्याच्या दप्तरावर होता. खतें मागून घ्यावयाचीं आणि जाळावयाचीं, हा ठिकठिकाणचा क्रम होता. आपल्याला वाचतां न येणारा कागदच आपला वैरी आहे, हें त्या निरक्षर माणसांनीं अचूक ओळखलें होतें.

सरकारनें चौकशीसाठीं आयोग नेमला आणि १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. आरंभीं तो पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांना लागू झाला. या कायद्यानें न्यायाधीशाला खताच्या पाठीमागें जाण्याचा अधिकार दिला. खतावर आंकडा कांहीं असो, मूळ रक्कम किती दिली, व्याज किती चढविलें, परतफेड किती झाली, याचा इतिहास न्यायालयानें उकलावा, असें ठरलें. खतें ग्रामनिबंधकापुढें लिहावीं, दिल्या पैशाची पावती मिळावी, हिशेबाचा उतारा मिळावा, आणि कर्जापायीं शेतकऱ्याला कैदेंत टाकूं नये, या तरतुदीहि त्यांत होत्या.

तरीहि धनकोनें वाट काढलीच. गहाणखताच्या पाठीमागें न्यायाधीश जातो ना? मग गहाण लिहावयाचें कशाला? सरळ खरेदीखतच लिहून घ्यावें आणि 'पैसे फेडल्यावर जमीन परत देईन' असें तोंडीं सांगावें. कागदावर शेत विकलेलें असे. तोंडच्या शब्दाला पुरावा नसे. ही पळवाट बुजविण्यासाठीं १९०७ सालीं त्याच कायद्यांत नवें कलम घालावें लागलें. मध्यंतरीं अठ्ठावीस वर्षें गेलीं होतीं.

आमचा परभणी जिल्हा तेव्हां निजामाच्या राज्यांत होता, म्हणून १८७९ चा कायदा इकडे लागू नव्हता. काळ्या जमिनीचा, जोंधळ्याचा आणि कापसाचा हा मुलूख. येथें सारा रोखीनें भरावा लागे आणि पीक हातीं येण्यापूर्वीं रोख रक्कम मिळण्याचें ठिकाण सावकाराची पेढी हेंच असे. हैदराबाद राज्यानें सावकारीचा कायदा केला तो १३४९ फसली, म्हणजे इ. स. १९३९-४० च्या सुमारास. परवाना आणि हिशेब हे त्याचे आधारस्तंभ होते. पलीकडे मुंबई प्रांतांत १९४६ चा सावकारी कायदा आला. त्यांत परवाना, ऋणकोला हिशेबाचा उतारा आणि दामदुपटीची मर्यादा या तिन्ही गोष्टी होत्या. सप्टेंबर १९४८ मध्यें हैदराबाद संस्थान भारतांत आलें, १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आणि १९६० सालीं महाराष्ट्रांत आला. आज २०१४ चा महाराष्ट्राचा सावकारी नियमनाचा कायदा येथें चालतो. पण बँकांचीं कर्जें त्याच्या कक्षेंत येत नाहींत. कार्डाची गोष्ट नेमकी येथूनच सुरू होते.

उधारीचें कार्ड हें अमेरिकेचें अपत्य. १९५८ सालीं बँक ऑफ अमेरिकेनें कॅलिफोर्नियांतील फ्रेस्नो शहरांत सुमारें ६०,००० कार्डें, कोणी मागितलीं नसतां, टपालानें घरोघर धाडलीं. न मागतां कार्ड पाठविण्यास तेथें १९७० सालीं बंदी झाली. भारतांत डायनर्स क्लबचें कार्ड १९६१ सालीं आलें, आणि १९८० सालीं सेंट्रल बँकेनें आपलें कार्ड काढलें. आरंभीं तें मोठ्या शहरांतील मोठ्या पगारदारांपुरतें होतें. आज पुण्या-मुंबईस नोकरीला लागलेल्या आपल्या मुलाच्या हातीं पहिल्या कांहीं महिन्यांतच तें येतें, आणि गांवीं राहणाऱ्या आईबापांना त्याचा पत्ताहि नसतो.

कार्ड मुळांत वाईट नाहीं. ठरल्या तारखेस संपूर्ण रक्कम भरणाऱ्याला कित्येक दिवस बिनव्याजी पैसा वापरावयास मिळतो; असा धनको याज्ञवल्क्यालाहि ठाऊक नव्हता. अडचण उत्पन्न होते ती 'किमान देय रक्कम' या दोन ओळींच्या आमंत्रणानें. मी आयुष्यभर मुलांना व्याजाचीं उदाहरणें घातलीं. आज श्रोत्यांना एक घालतों. समजा, कार्डावर १०,००० रुपये शिल्लक आहेत, दर दरमहा शेंकडा साडेतीन आहे, आणि किमान रक्कम शेंकडा पांच, म्हणजे ५०० रुपये आहे. या पांचशेंपैकीं ३५० रुपये व्याजाला गेले. त्या व्याजावर वस्तु व सेवा कर शेंकडा १८ प्रमाणें ६३ रुपये. राहिले ८७. म्हणजे पांचशें रुपये भरून कर्ज ८७ रुपयांनीं कमी झालें! कार्डावर एका पैचीहि नवी खरेदी न करतां वर्षभर असेंच शेंकडा पांच भरीत गेल्यास सुमारें ५,७०० रुपये हातचे जातात आणि कर्ज अद्याप ९,००० रुपयांच्या घरांत असतें. उलट कांहींच न भरल्यास, आणि व्याज व्याजांत मिळत गेल्यास, याच दरानें सुमारें वीस महिन्यांत मुद्दल दुप्पट होतें. स्मृतिकारांचे ऐंशी महिने येथें वीसांवर आले.

या व्यवहारावर रिझर्व्ह बँकेचें नियंत्रण आहे. २०२२ च्या एप्रिलमध्यें तिनें दिलेले आदेश वाचतांना मला वारंवार १८७९ ची आठवण होते. न मागतां कार्ड देऊं नये. दिलें आणि त्याचें बिल लावलें, तर तें रद्द करून बिलाच्या दुप्पट दंड ग्राहकाला द्यावा. कार्ड बंद करण्याची विनंति आल्यावर, देणें फिटलेलें असल्यास, कामाच्या सात दिवसांत तें बंद करावें; न केल्यास दिवसाला ५०० रुपये द्यावे. किमान रक्कम अशी ठरवावी कीं, ती भरूनहि कर्ज वाढत जाईल असें होऊं नये. न भरलेले आकार व कर यांची मुद्दलांत भर घालून त्यांवर व्याज चढवूं नये. श्रोतेहो, हा शेवटचा नियम म्हणजे १८५९ नंतरच्या नव्या खताचेंच औषध नव्हे काय?

मात्र एका बाबतींत आजचा ऋणको मागच्यापेक्षां एकाकी आहे. १८७९ च्या कायद्यानें न्यायाधीशाला खताच्या मागें पाठविलें. १९८४ सालीं बँकिंग कायद्यांत कलम २१-अ घालून, बँकेचें व्याज भारी आहे एवढ्याच कारणावरून न्यायालयानें हिशेब पुन्हा उकलूं नये, असें ठरविण्यांत आलें. २००८ सालीं राष्ट्रीय ग्राहक आयोगानें थकलेल्या कार्डावर दरसाल शेंकडा ३० हून अधिक व्याज घेणें अनुचित ठरविलें होतें. तो निर्णय २० डिसेंबर २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें रद्द केला. दराचा विचार करणें हें रिझर्व्ह बँकेचें काम आहे, असा त्याचा आशय. कायद्याच्या दृष्टीनें तो योग्य असेलहि; पण व्यवहारांत त्याचा अर्थ असा कीं, दराची पाटी वाचल्याशिवाय ज्यानें सही केली, त्याच्यासाठीं मागून कोणी येणार नाहीं.

नियमांना दुसरी बाजूहि असते. नोव्हेंबर २०२३ मध्यें रिझर्व्ह बँकेनें कार्डावरील कर्जासाठीं बँकांनीं अधिक भांडवल राखावें, असा आदेश काढला. जोखमीचें प्रमाण शेंकडा १२५ वरून १५० वर नेलें. हेतु असा कीं, बँकांनीं हात आंखडून द्यावें. पण एका दारीं उधारी मिळाली नाहीं, तर गरजवंत दुसरें दार ठोठावतो. खरेदीखताची वाट याच गरजेंतून निघाली होती. आज मोबाईलवर क्षणांत पैसे देणारीं दारें उघडीं आहेत. त्यांच्यासाठींहि २०२२ सालीं नियम झाले, तरी त्या दारांतून जाणाऱ्यानें धनको कोण हें आधीं पाहिलें पाहिजे.

या सर्व इतिहासाचें सार मला असें दिसतें. दराची मर्यादा, मुदत, गहाणाचीं बंधनें यांतून धनकोनें प्रत्येक वेळीं वाट काढली. ऋणकोच्या हातीं त्याचा हिशेब दिला पाहिजे, ही एकच तरतूद १८७९ पासून आजपर्यंत जवळजवळ प्रत्येक कायद्यानें पुनः पुन्हा केली. कारण तिच्यांतून वाट निघत नाहीं. परंतु त्या तरतुदीला एक अट आहे. हिशेब वाचला पाहिजे. सुप्याच्या शेतकऱ्याला खत वाचतां येत नव्हतें. आपल्याला वाचतां येतें आणि आपण तें उघडीत नाहीं, हा आपला अधिक मोठा दोष.

म्हणून माझी सूचना साधी आहे. महिन्याचें विवरणपत्र आलें कीं तें घरांतील दोघांनीं तरी मिळून वाचावें. देय तारीख भिंतीवरील दिनदर्शिकेंत लिहून ठेवावी. किमान रकमेकडे न पाहतां एकूण रकमेकडे पाहावें. ती भरतां येत नसेल, तर भरली जाईपर्यंत कार्ड कपाटांत ठेवावें. कार्डावर रोख रक्कम काढूं नये, कारण तिला बिनव्याजी दिवस सहसा मिळत नाहींत. आणि मुलानें कर्ज झाल्याचें सांगितलें, तर प्रथम त्याच्यावर रागावूं नये; प्रथम कागद पुढें घेऊन बेरीज करावी. जें कर्ज माजघरांत लपतें तें वाढतें; ओसरीवर आणून मोजलेलें कर्ज फेडण्याची तरी वाट दिसते.