सुतारकाम शिकायचं कोणी?

आजचा विषय जाहीर झाल्यावर एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. ‘सर, तत्त्वज्ञान सोडून सुतारकाम?’ आम्ही म्हटलं, अरे, सोडलं कुठं? तिथूनच तर इथं आलो.

झालं असं. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’मधला दहावा भाग आम्ही वर्षानुवर्षं शिकवला. त्यात पलंगाचं उदाहरण येतं. एक पलंग ईश्वरानं निर्मिलेला, म्हणजे पलंगाची मूळ कल्पना. दुसरा सुताराचा. तिसरा चित्रकारानं काढलेला. सुताराचा नंबर मधला. हे सगळं आम्ही फळ्यावर खडूनं काढून दाखवायचो, पण पलंगाचा पाय चौकटीत कसा बसतो हे आम्हाला ठाऊक नव्हतं. निवृत्तीनंतर, पासष्टी ओलांडल्यावर, सोलापुरातल्याच एका मिस्त्रींकडे आम्ही शिकायला गेलो. तिथं एक प्रश्न भेटला, तो आज आपल्यापुढं ठेवायचाय. हे काम शिकायचं कोणी? या प्रश्नाला मोठा इतिहास आहे.

आधी शब्द बघू. सुतार हा शब्द ‘सूत्रधार’ यापासून आला. सूत धरणारा, तो सुतार. आपल्या सोलापुरात सूत म्हटलं की गिरणी आठवते, माग आठवतो, चादर आठवते. सुताराचं सूत वेगळं. रंगात भिजवलेला दोरा लाकडावर ताणायचा, मधे उचलून सोडायचा, की सरळ रेघ उमटते. त्याच रेघेवर करवत चालते. मापातही सूत आहेच. आठ सूत म्हणजे एक इंच. आणि ज्या हातमागावर या शहरानं कापड विणलं, त्याचा सांगाडाही लाकडाचाच. विणकराच्या सुतामागं सुताराचं सूत होतं, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

आता गावात जाऊ. त्रिंबक नारायण आत्रे यांचं ‘गावगाडा’ 1915 सालचं. बलुतेदारी समजून घ्यायला आजही त्याच पुस्तकाकडे जावं लागतं. सुतार हा बलुतेदार. नांगर, वखर, पाभर, बैलगाडी ही त्याची कामं. लाकूड बहुधा शेतकऱ्याचं, बाभळीचं. मोबदला सुगीच्या वेळी धान्यात. घरातलं सामान म्हणाल तर पाट, चौरंग, पाळणा, देव्हारा, बाज. बस्स. खुर्ची हा शब्द मूळचा अरबी, टेबल इंग्रजी. आज आपण ज्याला फर्निचर म्हणतो ते गावच्या सुताराचं मुख्य काम कधीच नव्हतं.

आणि तो शिकायचा कसा? जन्मानं. पोरगं सात-आठ वर्षांचं झालं की बापाशेजारी बसायचं. लाकूड धर, खिळा दे, धार लाव, आणि मग कधीतरी वाकस हातात. फी नाही, परीक्षा नाही. हे शिक्षण उत्तम होतं, यात शंका नाही. पण दार एकच होतं. बाहेरच्याला आत येता येत नव्हतं आणि आतल्याला बाहेर जाता येत नव्हतं.

आपल्या भागात यावर बाराव्या शतकातच विचार झाला. मंगळवेढ्याशी नातं असलेले बसवेश्वर आणि सोलापूरचे सिद्धरामेश्वर यांच्या परंपरेत ‘कायक’ ही कल्पना आहे. प्रामाणिकपणे केलेलं काम हीच पूजा. दोर वळणारे नुलिय चंदय्या, नावाडी अंबिगर चौडय्या, धोबी मडिवाळ माचय्या हे या परंपरेतले शरण. आपला सिद्धेश्वर तलाव त्याच श्रमाची आठवण आहे. कामाला प्रतिष्ठा द्यायचा विचार आपल्याकडे होता. समाजाची घडी मात्र त्यानं पुरती बदलली नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हे काम शाळेत आलं. 1890 साली सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यात कलाभवन सुरू केलं. 1891 साली मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्टला रे यांच्या नावानं कार्यशाळा जोडल्या गेल्या. कसब वर्गात शिकवता येतं, ही तेव्हा नवी गोष्ट होती. तिकडं स्वीडनमध्ये ऑटो सालोमन हे नेस इथं शिक्षकांना लाकूडकाम शिकवत होते. त्याला ते ‘स्लॉइड’ म्हणत. मुलानं सुतार व्हावं हा हेतूच नाही. हात, डोळा आणि चिकाटी यांना वळण लागावं, एवढ्यासाठी लाकूडकाम. छंद म्हणून सुतारकाम शिकणाऱ्यांचे हे एका अर्थानं पूर्वज.

गांधीजींनी 1910 साली जोहान्सबर्गजवळ टॉल्स्टॉय फार्म सुरू केला. तिथं त्यांचे वास्तुरचनाकार मित्र कॅलनबाख यांना सुतारकाम थोडंफार येत होतं, म्हणून मुलांचा छोटा वर्ग चालायचा. पुढं ऑक्टोबर 1937 मध्ये वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. झाकिर हुसेन समितीनं मूलोद्योगांमध्ये सूतकताई, शेती यांच्याबरोबर सुतारकामही धरलं. सगळ्यांच्या हातात हत्यार द्या, असा हा विचार.

पण त्याच्या एकच वर्ष आधी, 1936 साली, डॉ. आंबेडकरांचं ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ प्रसिद्ध झालं होतं. जात ही नुसती कामाची वाटणी नाही, ती काम करणाऱ्या माणसांची वाटणी आहे, आणि तीही वर-खाली अशी, हा त्यातला मुद्दा. आमच्या मते हे दोन विचार एकत्र वाचायला हवेत. एक सांगतो, हात कामाला लावा. दुसरा विचारतो, ते काम निवडलं कोणी?

स्वातंत्र्यानंतर 1950 पासून कारागीर प्रशिक्षण योजना आली. आयटीआयमध्ये सुतारकामाचा अभ्यासक्रम कोणत्याही जातीच्या मुलामुलींना खुला झाला. कागदावर दार उघडलं. पण तोवर धंदाच बदलायला लागला होता. पूर्वी जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस तापवून लावत. 1959 साली फेव्हिकॉल आलं आणि ती कटकट गेली. मग प्लायवूड, सनमायका, आता तर कारखान्यातून सुटं येऊन घरी जोडलं जाणारं कपाट. खाच पाडून लाकडात लाकूड बसवणारा कारागीर महाग वाटायला लागला.

आता आमची गोष्ट. पहिलं स्टूल आम्ही पावसाळ्यात केलं. मोठ्या अभिमानानं घरी आणलं. चैत्रात ते डुगडुगायला लागलं. मिस्त्री हसले. ‘लाकूड वलं होतं सर. सोलापूरचं ऊन तुम्हाला कळतं, लाकडाला नाही का कळणार?’ ओलं लाकूड सुकताना आकसतं, सांधे सैल पडतात. हे वाक्य पुस्तकात सापडेलही. पण कुठलं लाकूड पुरेसं सुकलंय, हे मिस्त्री फळी उचलून, बोटांनी टकटक करून सांगत. ते आम्हाला अजून येत नाही. प्लेटो म्हणतो, वस्तूचं खरं ज्ञान वापरणाऱ्याला असतं, करणाऱ्याची नुसती बरोबर समजूत असते. स्टुलावरून पडता पडता वाचल्यावर आमचा याबाबतीत प्लेटोशी मतभेद झाला.

एकदा आम्ही मिस्त्रींना विचारलं, ‘मुलाला का नाही शिकवलंत?’ त्यांनी रंधा थांबवला. ‘बघा की सर, तुमच्या हातात रंधा आला की लोक फोटो काढतात. माझ्या पोराच्या हातात आला की म्हणतात, बापाचंच करतोय. त्याला कंप्युटरला घातलंय.’

आम्ही काहीच बोललो नाही. बोलण्यासारखं नव्हतंच. आम्हाला जो छंद होता, तो त्या मुलाला शिक्का होता. काम तेच, हत्यार तेच.

सप्टेंबर 2023 मध्ये पीएम विश्वकर्मा योजना सुरू झाली. अठरा व्यवसायांत सुतारकाम आहे. अवजारांसाठी 15,000 रुपये, प्रशिक्षणाच्या काळात रोज 500 रुपये, कमी व्याजाचं कर्ज. मदत चांगलीच आहे. पण पिढीजात व्यवसाय म्हणून मदत देताना, पिढीनं त्यातच राहावं अशी अपेक्षा आपण नकळत धरतो का, हे विचारत राहिलं पाहिजे.

तुमच्यापैकी कोणी छंद म्हणून किंवा नोकरी सोडून हे शिकू पाहत असाल, तर जरूर शिका. पण पोटापाण्यासाठी करणार असाल तर हिशोब आधी मांडा. हातानं केलेल्या खुर्चीला दिवस लागतात, आणि गिऱ्हाईक तिची तुलना प्लायच्या खुर्चीशी करतं. ज्या मिस्त्रींकडे शिकाल त्यांना शिक्षकाची फी द्या. कॉलेजात आम्ही तासाचे पैसे घेत होतो, तसेच त्यांच्याही तासाचे. आणि वस्तू विकताना त्यांच्या भावाच्या खाली जाऊ नका. तुमचं घर पेन्शनवर चालत असेल, त्यांचं या कामावर चालतं.

ते स्टूल आम्ही मिस्त्रींसमोर उकलून पुन्हा बसवलं. सध्या हे बोलताना त्याच्यावरच बसलोय. थोडं हलतंय अजून. प्रश्न असतील तर विचारा. आम्ही इथं थांबतो.